डॉर्फ एंजल टँकमध्ये सगळ्यांत शेवटी सोडा

बेळगावात घरी कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा, टँक लावला की डॉर्फ एंजल या छोट्या समुद्री माशावर जीव जडतोच. त्यातल्या फ्लेम एंजल या जातीचा तो शेंदरी रंग आणि अंगावरचे काळे उभे पट्टे पाहिले की राहवत नाही. आणा, पण टँक किमान 250 लिटरचा हवा, आणि मासा सगळ्यांत शेवटी सोडा. आधी आलेला एंजल सगळे दगड आपलेच समजतो आणि नव्या माशाला हुसकावत राहतो. शिवाय एकच ठेवा. दोन असले तर बहुधा मारामारी होते.

तो कोरलला तोंड लावणार नाही, अशी खात्री कुणी दिली तरी धरू नका. एकाच जातीतला एक मासा शहाणा निघतो, दुसरा टोचत सुटतो. आधी झोअँथिड (कोरलसारखेच फुलांगत उमलणारे जीव), ब्रेन कोरल आणि क्लॅम, म्हणजे शिंपले, सांभाळा. माझ्या कोरल ब्युटीने (हीही डॉर्फ एंजलचीच एक जात) झोअँथिड टोचायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची तोंडं दिवसभर मिटलेली असायची. मी सकाळ-संध्याकाळ नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा क्लिपला लावू लागलो, आणि आठवड्याभरात ती पुन्हा उमलली. दगडांवर शेवाळ असू द्या, फार घासूनपुसून काढू नका. दिवसभर तो तेच कुरतडतो. तरीही टोचणं थांबलं नाही, तर मासा दुसऱ्या टँकमध्ये हलवा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव आला की वीज जाते आणि टँकचे पंप बंद पडतात. बॅटरीवरचा एअर पंप आधीच चार्ज करून टँकशेजारी ठेवा.