व्हेजिटेबलमध्ये टेबल नसतं

इंदूरला कुठल्याही हॉटेलात बसा, मेनूवरचं व्हेजिटेबल कटलेट जो तो "व्हेजी-टेबल" असंच वाचतो, रामबागेतल्या आपल्या मराठी घरांतही तेच, स्पेलिंगच्या शेवटी टेबल दिसतं ना! ते आधी डोक्यातून काढा.

आता तुकडे पाडू. डिक्शनरीत टिंबं देऊन चार तुकडे दाखवतात, पण ते मुख्यतः ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा यासाठी असतात, बोलताना सहसा तीनच उरतात: व्हेज्-ट-बल. मधला इ गायब. यात नवल काही नाही, आपणही लिहितो "बसला" आणि म्हणतो "बस्ला", तसंच हे.

तीन टाळ्या वाजवत म्हणा, पहिली जोरात, बाकीच्या दोन हलक्या, सगळा भार पहिल्या तुकड्यावर. व्हे म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, आणि त्यात ह ऐकू येऊ देऊ नका, तो आपल्या लिहिण्यापुरता आहे. ज "जीवन"मधला, "जहाज"मधला नाही. ट साठी जीभ मागे वळवायची नाही, टोक वरच्या दातांच्या जरा मागे हिरडीला लावायचं, आपल्या त आणि ट च्या मधे कुठेतरी. शेवटचं बल तर गिळल्यासारखंच, ब झाला की लगेच ल. आधी सावकाश म्हणा, मग चोइथराम मंडीत भाव विचारायच्या स्पीडने.

आणि भिया, ते टेबल आलं कुठून? टेबल लॅटिनच्या "टाबुला"वरून, म्हणजे फळी. आपला शब्द वेगळ्याच घरचा, लॅटिन "वेजेटाबिलिस"वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, त्याच्या मुळाशी "वेजेटुस", म्हणजे तरतरीत, जोमदार. आधी अर्थ होता वनस्पतीसारखं जगणारं-वाढणारं, मग कुठलीही वनस्पती, आणि भाजी हा अर्थ तर 18व्या शतकात पक्का झाला. व्हेजिटेरियन त्याहून नवा, इंग्लंडात व्हेजिटेरियन सोसायटी निघाली 1847 मध्ये. गंमत म्हणजे व्हेजिटेट त्याच मुळाचा, आणि आज त्याचा अर्थ नुसतं लोळत पडणं! तरतरीतपणा कुठे गेला कोण जाणे.

जमलं की कम्फर्टेबल घ्या, तिथेही टेबल नाहीच, बरेच जण कम्फ्-ट-बल म्हणतात, टाळ्या तीनच.