फोर्कनंतर कोल्ड वॉलेट उघडताय? या चुका टाळा

भुसावळच्या माझ्या एका मित्राने 2016 मध्ये थोडे बिटकॉइन घेऊन हार्डवेअर वॉलेटमध्ये (किल्ल्या इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र, म्हणजेच कोल्ड वॉलेट) ठेवले आणि विसरून गेला. सीडचे (म्हणजे वॉलेटच्या मुख्य किल्लीचे) 24 शब्द वहीच्या कागदावर, कागद आईच्या दागिन्यांच्या डब्यात. मागच्या हिवाळ्यात शेतात भरीत-पार्टीला कोणीतरी त्याला म्हणालं, "भो, मग तुझे बिटकॉइन कॅशपण पडलेले असतील की!" दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन: सीड कोणत्या साइटवर टाकू?

कोणत्याच नाही. 1 ऑगस्ट 2017 ला बिटकॉइनची चेन (व्यवहारांची सामायिक नोंदवही) फुटून बिटकॉइन कॅश हा वेगळा कॉइन निघाला (यालाच फोर्क म्हणतात), तेव्हा ज्याच्याकडे बिटकॉइन होते, त्याला तेवढेच बिटकॉइन कॅश मिळाले, हे खरं. पण किल्ली दोन्हीकडे एकच. नव्या कॉइनसाठी सीड कुठे टाकलं, तर मूळ बिटकॉइनची किल्लीही तिथे गेली. 2017 च्या अखेरीस बिटकॉइन गोल्ड या आणखी एका फोर्कच्या नावाखाली लोकांकडून सीड काढून घेणारी साइट निघाली आणि कितीतरी जण लुटले गेले.

म्हणून सगळा खेळ क्रमाचा आहे. आधी नवं सीड तयार करा आणि मूळ बिटकॉइन त्यावर हलवा. आधी अगदी थोडी रक्कम पाठवा, पत्ता हार्डवेअरच्या स्क्रीनवर ताडून बघा (कॉपी केलेला पत्ता बदलणारे व्हायरस असतात), मग बाकीची. ती कन्फर्म झाल्यावरच जुन्या सीडला हात लावा. आता ते चोरीला गेलं तरी फक्त फोर्कचे कॉइन जातील. मित्राला वाटलं मी उगाच घाबरवतोय. घाबरलेला बरा.

दुसरी चूक रिप्लेची. बिटकॉइन कॅशमध्ये रिप्लेपासून संरक्षण होतं, पण जुलै 2016 मध्ये इथेरियम फुटलं तेव्हा नव्हतं: एका चेनवरचा व्यवहार कोणीही उचलून दुसरीवर चालवू शकत होतं. अशा वेळी आधी दोन्ही चेनवरचे कॉइन स्वतःच्याच वेगवेगळ्या पत्त्यांवर हलवा. एक्सचेंजला (कॉइन विकायच्या साइटला) थेट पाठवलंत, तर दुसऱ्या चेनवरचे कॉइनही त्यांच्याकडे जातील, आणि परत मागत बसाल.

वॉलेटमध्ये शिल्लक शून्य दिसली की लोकांचा धीर सुटतो. मित्राचंही तेच झालं. बहुतेक वेळा घोळ डेरिव्हेशन पाथचा असतो, म्हणजे सीडमधून पत्ते काढायच्या वाटेचा. बिटकॉइन कॅशची वॉलेट 145 क्रमांकाचा पाथ शोधतात, पण फोर्कआधीचे कॉइन बिटकॉइनच्या 0 क्रमांकाच्या पाथवर असतात. तो निवडला की शिल्लक दिसते. तरी नसेल, तर सीडसोबत वेगळा पासफ्रेज (जादा गुप्त शब्द) ठेवला होता का, ते आठवा. 1 ऑगस्ट 2017 नंतर घेतलेल्या बिटकॉइनवर बिटकॉइन कॅश मुळातच नाहीत, तिथे शोधत बसू नका.

विकताना नफ्यावर 30 टक्के कर आणि विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस धरूनच हिशेब करा.

आणि डब्यातला जुना कागद फाडू नका. नोव्हेंबर 2018 मध्ये बिटकॉइन कॅशसुद्धा फुटलं, त्याचे बिटकॉइन एसव्ही अजून त्याच शब्दांवर पडून आहेत.