स्वस्तातली पॉइंट टू टू: आधी गोळ्या, मग बॅरल

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मारलं आणि त्या दिवसापासून गावाकडचे मित्र, चुलतभाऊ, इथले ऑफिसातले मराठी लोक सगळे मला एकच विचारतायत, की तू तिकडे अमेरिकेत रायफल मारतोस ना, मग तशी रायफल केवढ्याला पडते. तशी म्हणजे ऑलिम्पिकवाली पडते काही हजार डॉलरला, तो विषय सोडा. पण त्याच जातीची, म्हणजे पॉइंट टू टू एलआर रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर पिन आपटून उडणारी), बेंचवर ठेवून ५० यार्डाला अर्ध्या इंचात ५ गोळ्या घालणारी रायफल मध्यमवर्गीय बजेटात नक्की होते, आणि मी ती कशी केली, कुठे पैसे वाया घालवले ते सगळं इथे लिहितो.

आधी कायद्याचं, कारण हे कोणी सांगत नाही. हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात शस्त्र दुरुस्त करायला, बदलायला, टेस्ट करायलासुद्धा आर्म्स अ‍ॅक्टखाली लायसन्स लागतं, त्यामुळे तिथे घरी बॅरल (नळी) बदलायच्या फंदात पडू नका, क्लबच्या कोचला विचारा आणि लायसन्सवाल्या आर्मररकडे जा. गोळ्या टेस्ट करायचा खालचा भाग मात्र रेंजवरच्या रायफलला जसाच्या तसा लागू आहे. इथे अमेरिकेत नंबर असलेला रिसीव्हर (बोल्ट आणि बॅरल ज्यात बसतात तो मधला भाग) म्हणजे कायद्याने रायफल, तो डीलरकडूनच फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊन घ्यायचा, बॅरल-स्टॉक (दस्ता) मात्र साधारणपणे साधे पार्ट म्हणून घरी येतात. बॅरल १६ इंचापेक्षा आखूड घ्यायचं नाही, ते वेगळंच लफडं आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे एच-वन-बी व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने साधारणपणे बंदूक ठेवायलाच मनाई आहे, शिकारीच्या लायसन्सचा वगैरे एक अपवाद आहे पण तो वकिलाला विचारूनच वापरा. ग्रीन कार्डवाल्यांना ती अडचण नाही. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो, बायको म्हणाली बरं झालं, तेवढीच वर्षं शांततेत गेली.

आता रायफल. दोनच नावं डोक्यात ठेवा. रुगर १०/२२, १९६४ पासूनची सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी), पार्ट एवढे मिळतात की रुगरचा एकही पार्ट न वापरता १०/२२ बनते. आणि सीझेड ४५७, बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायचा. कमी खर्चात अ‍ॅक्युरसी पाहिजे असेल तर बोल्टच घ्या, कारण सेमी-ऑटोला प्रत्येक गोळी झटक्याने चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे) ढकलली जाते, शिशाची मऊ गोळी तिथेच थोडी चेपते, ट्रिगर चांगला करायलाही जास्त पैसे लागतात. मी सेकंडहँड ४५७ घेतली, लाकडी दस्त्याची, ३८० डॉलरला. स्टॉकवर ओरखडे होते, त्याचेच ५०-६० कमी झाले असतील. ओरखड्याने नेम चुकत नाही.

आणि इथेच माझी पहिली चूक झाली. रायफल हातात आल्याआल्या मी रात्री १ वाजेपर्यंत मॅच बॅरल, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली महागाची बॅरल, बघत बसलो. लिल्या, शायलेन, लोथार वॉल्थर. कार्टमध्ये टाकूनही झालं. नशीब की रेंजवरच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, ही जी बॅरल आहे ती किती मारते ते माहितीये का तुला? मला माहीत नव्हतं. तर मुद्दा हा की रिमफायरमध्ये काडतूस घरी भरता येत नाही, फॅक्टरीने दिलंय तेच. म्हणून बॅरल आणि गोळीची पत्रिका जुळवायची, आणि ती जुळवायला फक्त गोळ्या लागतात. सगळ्यात स्वस्त पार्ट तोच आहे.

पण त्याच्याही आधी घरातली फुकटातली कामं. मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये डोळ्याने आणि बोटाने बघा की रिकामं आहे, आणि गोळ्या त्या खोलीतच ठेवू नका. मग बॅरल आणि स्टॉकच्या मधून डॉलरच्या दोन नोटा एकावर एक ठेवून सरकवत रिसीव्हरपर्यंत न्या. कुठे अडकल्या तर तिथे लाकूड बॅरलला टेकतंय, बारीक सँडपेपर सॉकेटच्या दांड्याला गुंडाळून तेवढंच घासा आणि नंतर त्या जागेला तेल किंवा वॉर्निश द्या नाहीतर पावसाळी हवेत लाकूड फुगून परत टेकतं.

दुसरं, स्टॉकचे अ‍ॅक्शन स्क्रू. इंच-पाउंडवाला टॉर्क स्क्रूड्रायव्हर ४०-५० डॉलरला मिळतो, तो घ्याच, कारण हाताने "बास एवढं" केलं की प्रत्येक वेळी वेगळं होतं. कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही, लाकडी दस्त्याला मी १५ पासून चालू करून २-२ ने वाढवत गेलो, प्रत्येक आकड्याला दोन ग्रुप (एका ठिपक्यावर ५ गोळ्या म्हणजे एक ग्रुप), माझी १९ ला खुश झाली. तुमची १७ ला होईल.

ट्रिगर ४५७ चा फॅक्टरीतूनच अ‍ॅडजस्टेबल आहे, नवीन घ्यायची गरज नाही. हलका केलात की रिकाम्या रायफलचा बोल्ट बंद करून, सेफ्टी काढून, दस्ता रबर मॅटवर ठोका, चार-पाच वेळा वेगवेगळ्या बाजूने. एकदा जरी फायरिंग पिन सुटली तर परत जड करा, त्यात वाद नाही. आणि हो, रिमफायर रिकामी चालवू नका, काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आपटते. हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रू बसवायला पिवळे प्लास्टिकचे ४ नंबरचे अँकर मिळतात ना, ते चेंबरमध्ये बरोबर बसतात, डमी राउंड म्हणून वापरायचे, रिमचा ठसा पडला की थोडं फिरवून परत. शंभरची पुडी मिळते, दोन वर्षं पुरली.

स्कोप. मी आधी सेंटरफायरवाला (मोठ्या काडतुसाच्या रायफलीचा) जुना स्कोप लावला होता, त्याचा पॅरालॅक्स, म्हणजे डोकं हललं तरी क्रॉसहेअर हलत नाही ते अंतर, १०० यार्डाला फिक्स होता, आणि ५० ला डोकं जरा हललं की क्रॉसहेअर टार्गेटवर हलायची. मी आठवडाभर रायफलला शिव्या घातल्या. रिमफायरला १० यार्डापर्यंत खाली येणारा पॅरालॅक्स पाहिजे, ब्रँडचं नाव त्यानंतर बघा. ४५७ च्या रिसीव्हरवर ११ मिलिमीटरचा डव्हटेल असतो, त्यामुळे रिंग त्याच मापाच्या घ्या.

आता टेस्टिंग. बेंचवर पुढे एक रेस्ट आणि मागे दस्त्याखाली एक पिशवी लागते. पिशवी विकत ३०-४० डॉलर, मी जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात इंडियन स्टोअरमधला सगळ्यात स्वस्त तांदूळ भरून शिवली, आईने व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि तांदळाचं असं करतात का म्हणून ऐकवलं. पाऊस लागला तर मात्र तांदूळ वास मारतो, तेव्हा आता वाळू भरलीय.

टार्गेटच्या वाटेत २५ आणि ४५ यार्डाला काठीला रिबन बांधा, ते रस्त्याच्या मोजणीवाले भडक गुलाबी वापरतात ती. २.६ ग्रॅमची गोळी आहे ती, ताशी १० मैलाचा आडवा वारा ५० यार्डालाच साधारण इंचभर ढकलतो आणि १०० ला चारेक इंच. रिबन ज्या स्थितीत असताना पहिली गोळी मारली त्याच स्थितीत बाकीच्या मारा, घाई नाही. रेंजवर शेजारच्याला वाटतं आपण झोपलो.

पाच-सहा प्रकारच्या गोळ्यांचा एकेक ५० चा डबा घ्या. सगळ्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे सेकंदाला १०५०-१०८० फूटवाल्या. हाय व्हेलॉसिटीवाल्या १२०० च्या वर निघतात, आवाजाचा वेग साधारण ११२५, म्हणजे टार्गेटला पोचायच्या आत त्या आवाजाच्या वेगाखाली उतरतात आणि त्या उतरणीला डगमगतात. सीसीआय स्टँडर्ड, एसके स्टँडर्ड प्लस, एलीचा एखादा, लपुआचा एखादा असं घ्या, महाग-स्वस्त मिसळून. डब्यावरचा लॉट नंबर (एका वेळी बनलेल्या मालाचा नंबर) वहीत लिहा, कारण त्याच नावाचा दुसरा लॉट वेगळा मारतो. मोठ्या कंपन्यांची तर टेस्ट सेंटर आहेत, नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातात आणि लॉट निवडून आणतात.

गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो आणि तो बॅरलमध्ये बसतो. ब्रँड बदलला की पहिल्या १०-१५ गोळ्या बाजूच्या मातीच्या बांधावर नाहीतर वेगळ्या टार्गेटवर घालवायच्या, त्या मोजायच्या नाहीत. हे लोक करत नाहीत आणि मग म्हणतात महागाची गोळी भंगार निघाली. मधे साफसफाईही करू नका, साफ केलं की परत १५ पासून सुरू.

मग ५० यार्डाला ५-५ गोळ्यांचे ५ ग्रुप, एकाच कागदावर पाच वेगवेगळे ठिपके. व्हर्निअरने सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या, त्यातून गोळीचे ५.६ मिलिमीटर वजा करायचे, झाला तो ग्रुप. पाचांची सरासरी काढायची, आणि वाईट ग्रुप "तेव्हा शिंक आली होती" म्हणून काढायचा नाही. आली असेल शिंक, आकडा राहतो.

ही माझी वही, फॅक्टरी बॅरल, इंचात. सीसीआय: .६२, .४८, .९१, .५५, .७०, सरासरी .६५. एसके: .४१, .३८, .५७, .४४, .३५, सरासरी .४३. नीट बघा, सीसीआयचा .४८ वाला ग्रुप एसकेच्या .५७ पेक्षा चांगला आहे. मी तेवढा एकच मारून घरी आलो असतो तर स्वस्त गोळीच चांगली म्हणून हजार घेऊन बसलो असतो. एकाच रायफलचा, एकाच गोळीचा ५ शॉटचा ग्रुप नुसत्या योगायोगाने पाव-तृतीयांश इकडेतिकडे होतो, आणि ३ शॉटचा तर काहीच सांगत नाही, नेटवर नाण्याशेजारी ठेवलेले फोटो असतात ते बहुतेक तसलेच. एमओए हे नेमबाजीतलं कोनाचं माप, ५० यार्डाला एक एमओए म्हणजे .५२ इंच, तर माझी ४०० च्या आतली रायफल .८ एमओएला आली, बॅरलला एक रुपया न घालता. स्वप्नीलच्या टार्गेटवरचा १० म्हणजे १०.४ मिलिमीटर, काबुली चण्याएवढा, आणि तो उभं राहून पण मारतो, मी तांदळावर रायफल ठेवून. तेवढं भान असू द्या.

यानंतरही पैसे खाजवत असतील तर बॅरल. ४५७ ला रिसीव्हरच्या पुढे दोन ग्रब स्क्रूंनी बॅरल धरलेलं असतं, म्हणून तयार मापाचं बॅरल घरी बसतं, लेथ लागत नाही. स्टॉक काढा, स्क्रू सैल करा, बॅरल सरळ ओढून काढा, घट्ट असेल तर प्लास्टिकच्या हातोडीने हलकं. नवीन बॅरल बसवताना त्याच्या तोंडावर एक्स्ट्रॅक्टरसाठी (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) खाचा असतात त्या एक्स्ट्रॅक्टरच्या बरोबर समोर आल्या पाहिजेत आणि बॅरल रिसीव्हरमध्ये पूर्ण टेकेपर्यंत बसलं पाहिजे, मग स्क्रू आलटूनपालटून कंपनीच्या आकड्याला. त्यानंतर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि बॅरल यांच्यात काडतुसाच्या कडेसाठी उरणारी जागा, गेजने तपासायची: .०४३ इंचाच्या गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, .०४६ च्या नो-गोवर होता कामा नये. गेज नसेल किंवा नो-गोवर बंद झाला तर गोळी घालायची नाही, गनस्मिथकडे न्या, २०-३० डॉलर घेतो. डोळ्यापेक्षा स्वस्त आहे.

मॅच चेंबर घट्ट असतं, न मारलेला राउंड बाहेर काढला तर शिशावर रायफलिंगच्या (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांच्या) बारीक रेघा दिसतात, घाबरू नका, तसंच असतं. पण सीसीआय स्टिंगर नावाची गोळी त्यात घालू नका, तिचं पितळी कवच लांब आहे, मॅच चेंबरसाठी ती नाहीच.

बॅरलनंतर सगळी टेस्ट परत पहिल्यापासून, कारण नवीन नवरा नवी पत्रिका. माझ्या नवीन बॅरलला एसके चाललीच नाही, एलीचा मधल्या किमतीचा एक लॉट चालला, सरासरी .३३. त्याच लॉटची एक पूर्ण केस उचलली, ५००० राउंड, बायकोला सांगितलं की वर्षाचं सामान भरलंय.

शेवटी १०० यार्ड. तिथे वेगातला फरक उघडा पडतो, एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा ४० फुटांनी कमी असेल तर ती इंचभर खाली जाते, म्हणजे ग्रुप उभा लांबट दिसला तर दोष बहुधा गोळीत आहे, आडवा दिसला तर वाऱ्यात किंवा आपल्या बोटात. थंडीत दारू हळू जळते, सगळंच खाली सरकतं, म्हणून मी वहीत जानेवारीचं पान वेगळं ठेवलंय, वर तापमान लिहून, आणि जुलैचा झिरो (स्कोपची नेमाची सेटिंग) त्या दिवशी वापरत नाही.