बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करण्यापूर्वी या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारचे इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचे पदवीधर बायोमेडिकलकडे वळताना आधी संस्था ठरवतात आणि कोणते काम करायचे याचा विचार पदवी हाती आल्यावर करतात. रुग्णालयातील यंत्रांची देखभाल, उपकरणांची रचना, नियामक कामकाज आणि संशोधन या वाटा वेगळ्या आहेत. देखभालीसाठी बहुधा बी.ई. आणि अनुभव पुरतो, संशोधनाची वाट मात्र पीएच.डी.पर्यंत जाते.

एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आला, त्यामुळे तोच द्यावा लागतो असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात अनेक संस्था इलेक्ट्रॉनिक्स वा इन्स्ट्रुमेंटेशनचा गुणांकही ग्राह्य धरतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच पेपर निवडावा. गुणांक ३ वर्षे चालतो, हेही विसरू नये.

सर्वांत महाग पडते ती प्रकल्पातील चूक. तयार किट आणून ईसीजी काढलेला असतो, आणि मुलाखतीत ईसीजीच्या रेषेवर वीजपुरवठ्यामुळे येणारा ५० हर्ट्झचा गोंगाट कसा घालवला असे विचारले, की ‘फिल्टर लावला’ एवढेच उत्तर येते. नॉच फिल्टरने, म्हणजे ठरावीक वारंवारता गाळणाऱ्या फिल्टरने, लाटेचा आकारही बिघडू शकतो. म्हणून आधी इलेक्ट्रोडचा त्वचेशी असलेला संपर्क तपासावा, तारा एकमेकींभोवती पिळून घ्याव्यात, उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडमार्गे गोंगाटाचा उलटा संकेत शरीराला परत द्यावा आणि फिल्टरकडे शेवटी वळावे. चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपवरून, वीजपुरवठ्यापासून विद्युत विलगीकरण नसताना, माणसाच्या अंगाला तारा लावणे तर अक्षम्यच आहे. गळती प्रवाहाच्या, म्हणजे उपकरणातून अंगात शिरू शकणाऱ्या नको असलेल्या विजेच्या, मर्यादा वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेच्या आयईसी ६०६०१ या मानकात दिलेल्या असतात. ते न चाळता प्रकल्प सुरूच करू नये, असे माझे मत आहे.

विषयही उसना नको. भुसावळच्या उन्हाळ्यात आणि वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजवर नवजात शिशूंचा वॉर्मर कसा वागतो, किंवा सिकलसेलची चाचणी धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपर्यंत कशी न्यावी, हे प्रश्न हाताशी असताना विद्यार्थी परदेशी शोधनिबंधांतील प्रश्न उचलतात आणि प्रवेशअर्जासोबतचे उद्देशपत्र निर्जीव होते.

नोकरीसाठी निव्वळ सर्किटावर विसंबू नये. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार उपकरणांचे जोखमीप्रमाणे ‘ए’ ते ‘डी’ असे ४ वर्ग पडतात. आपल्या प्रकल्पातील उपकरण कोणत्या वर्गात बसते आणि जोखीम व्यवस्थापनाच्या आयएसओ १४९७१ या मानकाप्रमाणे त्याची जोखीम कशी मांडायची, याचे दोन पानी टिपण बायोडेटासोबत जोडावे.