लातूरात बसून जॉर्जियाची फुटबॉल लीग कशी फॉलो करायची

ज्याला तेच ते मँचेस्टर अन् माद्रिद बघून कंटाळा आलाय किंवा ज्याच्या घरातलं कोणी जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला, एमबीबीएसला गेलंय त्याच्यासाठी हे लिहायलोय. आमच्या लातूरकडं दुसऱ्या प्रकारची घरं लै आहेत, नीटला थोडक्यात हुकलं की चला जॉर्जियाला, आणि मग घरातल्या आजीला सुद्धा तिथल्या एका लारीचे किती रुपये होतात ते पाठ असतं पण तिथं फुटबॉलची एक झकास लीग चालते हे कोणाच्या गावीही नसतं. लीगचं नाव एरोव्नुली लीगा. पीएसजीचा ख्विचा क्वारात्स्खेलिया आणि लिव्हरपूलचा गोलकीपर ममर्दाश्विली, दोघंही इथूनच वर गेलेत, त्यामुळं गल्लीतली टूर्नामेंट समजू नका.

आधी घड्याळ, कारण तिथंच ही लीग आपल्याला परवडते. तिबिलिसी आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागं आहे आणि तिकडं उन्हाळा-हिवाळ्याला घड्याळ मागंपुढं करत नाहीत, म्हणजे हा दीड तास बारा महिने तोच. तिकडं संध्याकाळी ७ ची मॅच आपल्याकडं साडेआठला, ८ ची साडेनऊला, भाकरी खाऊन अंगणात खाट टाकली की सुरू. चॅम्पियन्स लीगसाठी रात्री दीडपर्यंत जागून सकाळी दुकान उघडणाऱ्या माणसाला ह्याची किंमत कळेल. स्कोरचं ॲप आपली भारतीय वेळ आपोआप दाखवतं, पण क्लबच्या पोस्टवर तिकडची वेळ असते, तिथं दीड तास मिळवायचा.

दुसरं कॅलेंडर. आपण ऑगस्ट ते मे ह्या हिशोबाला सवकलेलो, ही लीग तशी नाही. २०१७ पासून हे एकाच वर्षात उरकतात, फेब्रुवारीच्या शेवटी नाहीतर मार्चमध्ये सुरू आणि डिसेंबरात खलास. त्यामुळं सर्च करताना २०२४-२५ असं टाकलं तर काही धड सापडणार नाही, नुसतं २०२५ टाकायचं. टीम १०, प्रत्येकाशी चार वेळा गाठ, एकूण ३६ फेऱ्या. भावकीतल्या लग्नांसारखं असतंय, वर्षभर तीच तोंडं फिरून फिरून समोर येतात आणि मागच्या वेळचा राग कोणी विसरलेला नसतो. नवीन माणसाला हे फार बरं पडतं कारण दोन-तीन महिन्यांत सगळी नावं आपोआप ओळखीची होतात, वीस टीमच्या लीगमध्ये हे होत नाही.

आता मुख्य काम, टीम निवडायची. माझं स्पष्ट मत आहे की लांबून लीग फॉलो होत नसते, टीम फॉलो होते, आणि टीमच्या मागं मागं लीग कळत जाते. सगळ्या मॅचेसचे नोटिफिकेशन लावणारे महिनाभरात सगळंच म्यूट करून मोकळे होतात.

दिनामो तिबिलिसी सगळ्यात मोठं नाव. सोव्हिएत काळात १९६४ आणि १९७८ ला त्यांनी अख्ख्या सोव्हिएत युनियनची लीग मारली, १९७९ ला युरोपियन कपमध्ये (म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग) लिव्हरपूलला तिबिलिसीत ३-० धुतलं आणि १९८१ ला ड्यूसेलडॉर्फला कार्ल झाइस येना ह्या पूर्व जर्मन टीमला २-१ हरवून कप विनर्स कप, म्हणजे देशोदेशीच्या कप विजेत्यांची युरोपातली स्पर्धा, घरी आणला. पुढं १९९० ला जॉर्जियाची स्वतःची लीग सुरू झाली तर पहिली दहा वर्षं, म्हणजे १९९९ पर्यंत, चॅम्पियन फक्त हेच. एसी मिलानचा काखा कलाद्झे पण इथलाच, तो पुढं राजकारणात गेला आणि २०१७ ला तिबिलिसीचा महापौर झाला. इतिहासाची आवड असेल तर दिनामो धरा, पण दरवर्षी ट्रॉफी मिळेल ही आशा नको, ते दिवस गेले. (ॲपमध्ये फॉलो करताना नाव नीट बघा, दिनामो तिबिलिसी २ म्हणून त्यांचीच राखीव टीम खालच्या डिव्हिजनला खेळते, पोरासोरांच्या टीम वेगळ्या, नाहीतर भलत्याच गोलाचं नोटिफिकेशन येऊन तुम्ही उगाच नाचाल.)

दिनामो बतुमी वेगळे. काळ्या समुद्राच्या काठचं शहर, २०२० ला उघडलेलं नवंकोरं स्टेडियम, आणि २०२१ व २०२३ ची लीग त्यांच्या नावावर. क्वारात्स्खेलिया रशियात रुबिन कझानला खेळायचा, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर फिफानं तिथल्या परदेशी खेळाडूंना बाहेर पडायची मुभा दिली तेव्हा २०२२ च्या वसंतात तो बतुमीला आला, थोडे महिने खेळला आणि उन्हाळ्यात नापोलीला गेला, पुढच्याच सीझनला नापोली इटलीचे चॅम्पियन. ते थोडे महिने ज्यांनी ही लीग फॉलो केली त्यांनी तो माणूस जगाच्या आधी बघितला.

इबेरिया १९९९ ह्या नावानं गोंधळू नका. हाच क्लब आधी सबुर्तालो होता, २०१८ चं विजेतेपद सबुर्तालो नावानं आहे आणि २०२४ चं इबेरिया नावानं. त्यात भर म्हणजे नव्वदच्या सुरुवातीला दिनामो तिबिलिसीनंच काही वर्षं इबेरिया नाव लावलं होतं, तर जुन्या टेबलात इबेरिया तिबिलिसी दिसलं की ते दिनामो, आत्ताच्या टेबलात दिसलं की ते सबुर्तालोवाले.

बाकी कुताइसीची तोर्पेदो २०१७ चे चॅम्पियन, गोरीची दिला २०१५ चे, गोरी म्हणजे स्टॅलिनचं जन्मगाव. पण माझं मन विचाराल तर गाग्रा. गाग्रा हे गाव अबखाझियात, नव्वदच्या दशकातल्या युद्धानंतर तो भाग जॉर्जियाच्या ताब्यात राहिला नाही, म्हणून ह्या नावाचा क्लब तिबिलिसीतून चालतो, स्वतःच्या गावात होम मॅच म्हणून खेळताच येत नाही. तरी २०११ ला ह्यांनी जॉर्जियन कप मारला. ट्रॉफ्यांच्या मागं असाल तर गाग्राच्या वाटेला जाऊ नका.

टीम ठरली की लिपीचं बघायचं. जॉर्जियन लिपी दिसायला सगळी वेलबुट्टी, एक अक्षर ओळखीचं नाही, आणि माणूस तिथंच हात टेकतो. टेकू नका. अक्षरं एकूण ३३, लहान-मोठी असा इंग्रजीतला घोळ रोजच्या लिखाणात नाही, काना-मात्रा-वेलांटी नाही, जोडाक्षरं नाहीत, जे लिहिलं ते वाचायचं. बाराखडी शिकलेल्या माणसाला हे काय अवघड राव.

मी कसं करतो ते सांगतो. मॅचच्या तासभर आधी क्लब फेसबुकवर लाइनअपचा फोटो टाकतो, डावीकडं अकरा नंबर, त्यापुढं जॉर्जियनमध्ये आडनावं. दुसरीकडं सोफास्कोर हे स्कोरचं ॲप उघडायचं, तिथं तेच अकरा नंबर इंग्रजी नावांसकट असतात. आता १० नंबरसमोर इकडं काय लिहिलंय अन् तिकडं काय ते शेजारी शेजारी धरायचं. बऱ्याच आडनावांचा शेवट श्विली नाहीतर द्झे असतो, त्यामुळं शेवटची तीच तीच अक्षरं चार-पाच ओळींत दिसतात आणि तिथूनच लिपी सुटायला लागते. घाई असेल तर गूगल लेन्स आहेच, जॉर्जियन वाचून इंग्रजी करून देतं, पण खेळाडूंच्या आडनावांची कधी कधी अशी भाषांतरं करतं की हसू आवरत नाही, म्हणून बातमीसाठी लेन्स आणि नावासाठी आपले डोळे.

उच्चाराच्या बाबतीत तर आपण नशीबवान. इंग्रजी कॉमेंटेटर क्वारात्स्खेलिया म्हणताना दमतो, कारण त्याला तो मधला त्स चा उच्चार सवयीचा नाही. आपल्याकडं चाक, चोर, चूल ह्यातला च तोच की ओ. द्झे मधला उच्चारही जाड, जावई ह्यातल्या ज च्या जवळचा. स्पेलिंगची मात्र तयारी ठेवा, त्सकाल्तुबो हे गाव इंग्रजीत कोणी के लावून लिहितो, कोणी क्यू, त्यामुळं एका स्पेलिंगनं सापडलं नाही तर दुसऱ्यानं शोधायचं.

मॅच कुठं दिसणार हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात, मी मुद्दाम एवढ्या खाली ठेवलाय. आपल्याकडच्या डिशवर शोधत बसू नका. प्रसारणाचे हक्क बदलत राहतात, त्यामुळं सीझन सुरू होताना लीगची आणि जॉर्जियन फुटबॉल फेडरेशनची वेबसाइट, त्यांचं यूट्यूब आणि तुमच्या क्लबचं फेसबुक पेज एवढं तपासायचं, लिंक असली तर तिथंच असते. नसली तर दुसऱ्या दिवशी गोलांचे व्हिडिओ बघायचे आणि मॅचच्या वेळी ॲपवरचा लाइव्ह मजकूर. एका गोष्टीपासून लांब राहा, फुकट स्ट्रीम म्हणून ज्या साइट उघडतात त्यातल्या कितीतरी सट्ट्याच्या असतात, प्लेअर चालू व्हायच्या आधीच ॲप डाउनलोड करा, खातं उघडा असं सुरू होतं. आपल्याकडं २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून ऑनलाइन खेळायचे प्रकार बंद केलेत, आणि कायदा नसता तरी छोट्या लीगच्या मॅचवर पैसे लावणं म्हणजे शुद्ध येडेपणा.

मॅच नाही दिसली तर मजा काय, असं म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबरनंतर टेबल उघडून बघावं, आणि वरून नाही, खालून. दहावा थेट खाली लीगा २ मध्ये जातो, आठवा आणि नववा खालच्या लीगच्या टीमशी प्लेऑफ खेळतात. म्हणजे दहातल्या तीन टीमच्या गळ्याशी आलेलं असतं, आणि सातवा-आठवा ह्यात दोन पॉइंटचा फरक असला की शेवटच्या फेऱ्यांना त्यांच्या मॅचेसचा स्कोर बघताना जीव वरखाली होतो. वरच्या भांडणापेक्षा हे भांडण जास्त खरं असतं. नियमात बदल होत राहतात तेवढं सीझनच्या सुरुवातीला एकदा वाचून घ्यायचं.

जुलै महिना मात्र राखून ठेवा. चॅम्पियन टीम चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जाते, बाकीच्या वरच्या टीम कॉन्फरन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या तिसऱ्या नंबरच्या स्पर्धेच्या. ऑगस्टला सीझन सुरू करणाऱ्या देशांच्या टीम तेव्हा सुट्टीवरून नुकत्या आलेल्या असतात, पाय जड असतात, आणि आपले जॉर्जियावाले अर्धा सीझन खेळून तापलेले. त्यामुळं कागदावर मोठी वाटणारी टीम तिबिलिसीत येऊन घाम गाळते. दोन लेगचा खेळ, एक घरी एक बाहेर, बाहेरची मॅच पार पश्चिमेला असली तर तेवढी एक रात्र जागायची.

आणि जुलैनंतर मन घट्ट करायचं, कारण त्याच वेळी खेळाडू विकले जातात. ह्या लीगचं पोटच त्याच्यावर चालतं. ममर्दाश्विली २०२१ ला व्हॅलेन्सियाला गेला तेव्हा बाहेर कोण ओळखत होतं त्याला, २०२५ ला लिव्हरपूलला पोचला. म्हणून ट्रान्सफरमार्क्ट ह्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर आपल्या क्लबचं पान सेव्ह करून ठेवायचं आणि गेलेल्या पोरांचाही माग ठेवायचा. २०२४ च्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, जॉर्जिया पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत उतरली अन् पोर्तुगालला २-० हरवलं, आपल्याकडं २७ जूनची मध्यरात्र उलटून गेलेली, दुसऱ्याच मिनिटाला क्वारात्स्खेलियाचा गोल. लीग फॉलो करणाऱ्याला त्या टीममधली कितीतरी नावं घरातल्यासारखी होती.

तिबिलिसीत आपलं पोरगं असेल तर त्याचा उपयोग करून घ्या, पण परीक्षेच्या दिवसांत नाही. माझा भाचा तिकडं गेला तेव्हा म्हणाला मामा इथं लीगच्या मॅचला स्टेडियम रिकामं असतंय, कोण जाणार. म्हणलं रिकामं आहे म्हणूनच जा, आरामात बसायला मिळतंय. दिनामोच्या स्टेडियममध्ये पन्नास हजारांच्या वर माणूस मावतं, लीगच्या साध्या मॅचला त्यातला एक कोपरा भरतो, बाकी निळ्या खुर्च्या. त्यानं तिथून व्हिडिओ कॉल लावला तर खेळाडू एकमेकांवर ओरडलेलं ऐकू यायलं होतं, मोठ्या लीगच्या टीव्हीवर हे कधी ऐकू येत नाही. आता त्याला मी एवढंच काम दिलंय की मॅचला गेला की स्कोरबोर्डचा आणि लाइनअपच्या कागदाचा फोटो टाकायचा, बाकीचं मी बघतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी काही नसतं. ह्या काळात जुनी टेबलं वाचायला आरएसएसएसएफची साइट चांगली, दिसायला जुनाट पण १९९० पासूनचे निकाल मिळतात. जानेवारीत क्लब कॅम्पला जातात आणि सराव मॅचेस खेळतात, त्याचे स्कोर मनावर घेऊ नका. लीगा २ मधून वर कोण आलं त्याचं नाव तेवढं बघून ठेवा, त्यांच्याशी पण वर्षात चारदा गाठ आहे, आणि फिक्स्चर लागलं की म्यूट केलेली नोटिफिकेशन परत चालू करा.