मूल्यमापनाचे निष्कर्ष वृत्तपत्रांना देताना या चुका टाळा

कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचा निष्कर्ष गावाला प्रथम वृत्तपत्रातून कळावा, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. यवतमाळ जिल्ह्यातील जलसंधारणाच्या एका कामाचे मूल्यमापन करणाऱ्या चमूत मी होतो. विहिरींची पातळी वाढल्याचे आमच्या प्रसिद्धीपत्रकात ठळकपणे होते. मात्र आदल्या वर्षी पाऊस तुटपुंजा आणि त्या वर्षी भरपूर झाल्याची नोंद अहवालाच्या आतल्या पानातच राहिली. ‘प्रकल्पाने विहिरी भरल्या’ असा मथळा छापून आला. दुसऱ्या दिवशी पारावर एका वयस्क शेतकऱ्याने कात्रण पुढे धरले आणि म्हटले, “शेजारच्या गावच्याही विहिरी भरल्या जी, तिथं तं तुम्ही काहीच केलं नाही.”

तो तुलनाच मागत होता आणि आमच्याकडे तुलनेचे गावच नव्हते. गडचिरोलीतील घरोघरच्या नवजात बालसेवेच्या प्रयोगात डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या मृत्युदरातील घटीला वजन आले ते या तुलनेमुळे. अशी सोय नसेल, तर ‘कार्यक्रमामुळे’ऐवजी ‘कार्यक्रमाच्या काळात’ असे लिहावे आणि पावसाचे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घ्यावे, कारण जागा अपुरी पडली की बातमी खालून कापली जाते. मथळाही बहुधा तालुक्याचा वार्ताहर देत नाही, तो कार्यालयातील उपसंपादक देतो. म्हणून एक नेमका मथळा आपणच सुचवावा.

लहान गावात नुसती टक्केवारी देऊ नये. चार कुपोषित बालकांची दोन झाली, तरी ‘कुपोषण निम्म्यावर’ असेच छापले जाते.

नाव वगळले म्हणजे ओळख झाकली, असेही समजू नये. ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी, दोन मुली, शिवणकाम’ एवढ्यावरून दोनशे घरांच्या गावात ती बाई कोण, हे सांगावे लागत नाही. असा तपशील तिच्या संमतीशिवाय वार्ताहराला तोंडीसुद्धा देऊ नये.

चुकीचे छापून आलेच, तर त्याच दिवशी दूरध्वनी करून लेखी दुरुस्ती पाठवावी आणि कात्रण ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे तिथेही ती टाकावी. निष्कर्ष प्रसिद्धीपूर्वी गावाला सांगण्याची बैठक कापूस वेचणीच्या दिवसांत येत असेल, तर ती रात्री आठनंतर ठेवावी. त्याआधी शेतातून परतलेल्या बायकांचा स्वयंपाक आटोपत नाही.