शोजीचा कागद ढिला पडतो, दार अडकतं? या चुका टाळा

शोजी म्हणजे जपानी घरातलं लाकडी जाळीवर कागद लावलेलं सरकतं दार. दिसायला एवढं साधं की वाटतं दोन रविवारांत उरकेल, आणि तिथेच लोक गंडतात.

खरा घोळ होतो जाळीच्या पट्ट्यांत. प्रत्येक पट्टी वेगळी मोजत बसू नका, सगळ्या एकत्र क्लॅम्प करा, गुण्या लावून एकच रेघ मारा आणि खाचा एकदमच कापा. शिवाय खाच जेवढी घट्ट तेवढी मजबूत हे डोक्यातून काढा, कारण प्रत्येक जोडात पट्टी ०.२ मिमी जरी जाड राहिली आणि तुम्ही ती ठोकून बसवली तरी दहा जोडांत जाळी २ मिमी पसरते, मग चौकटीत जात नाही आणि आपण चौकटीला दोष देत बसतो! अंगठ्याने दाबून, फार तर हलक्या टपलीने बसायला हवी. आणि हो, जपानी करवत ओढताना कापते, ढकलताना जोर लावलात तर पातं वाकणार.

लाकूड बिनगाठीचं, सरळ रेषांचं घ्या. तिकडे सुगी (जपानी सीडर), हिनोकी (जपानी सायप्रस) वापरतात, आपल्याकडे पाइन चालून जातं. सागवानाने दार उगाच जड होतं.

दार बसतच नाहीये? दार ज्यांत सरकतं त्या वरच्या आणि खालच्या खाचा सारख्याच खोल केल्या असणार. वरची साधारण १५ मिमी हवी, खालची जेमतेम ३. दार आधी वर घुसवायचं आणि मग खाली सोडायचं, काढताना उलटं. सरकताना अडखळत असेल तर खालच्या खाचेत मेणबत्ती घासा.

आता कागद. तो फेविकॉलने चिकटवू नका प्लीज. जपानमध्ये हा कागद पूर्वी दरवर्षी, वर्ष संपता संपता बदलायचे, म्हणून तांदळाची खळ, ओल्या फडक्याने भिजवली की निघते. फेविकॉल मात्र नंतर खरवडत बसावा लागेल आणि त्यात पट्ट्या मोडतील. तुकडे जोडून लावत असाल तर खालून वर लावत जा, म्हणजे जोडाच्या कडेवर धूळ बसत नाही. सुरकुत्या राहिल्या तर खळ पूर्ण वाळू द्या आणि मग स्प्रेने अगदी हलकं पाणी मारा, वाळताना कागद आपोआप ताणला जातो. कडा सुटतायत? बहुतेक आधी पॉलिश मारलं असणार, त्यावर खळ धरत नाही. लाकूड रंधा मारून कोरंच ठेवा.

आणि उघड्या गॅलरीत शोजी लावायचा विचार असेल तर राहू द्या. जुन्या जपानी घरांतसुद्धा पावसापासून वाचवायला बाहेरच्या बाजूला अमादो नावाची लाकडी दारं असतात.